दोन सीटच्या मधला बॉक्स घरी बनवायचाय? लोक नेहमी विचारतात ते सगळे प्रश्न

मी यावल तालुक्यातला, धंदा केळीचा, गाडी जुनी बोलेरो. आत्तापर्यंत तीन गाड्यांचे मधले बॉक्स बनवलेत, एक माझ्या गाडीचा, एक मेहुण्याच्या ईकोचा आणि एक मित्राच्या जुन्या हॅचबॅकचा. सुतार नाही मी, पण हातात जिगसॉ (लाकूड कापायची विजेवरची करवत) धरता येतो आणि शेजारी सुतारकाम करणारा दोस्त आहे. ज्याला ज्याला गाडीत तो बॉक्स दिसतो तो हेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

रेडिमेड आर्मरेस्ट मिळतो ना बाजारात, मग एवढा खटाटोप कशाला?

मिळतो, आणि तुमच्या गाडीच्या मॉडेलचाच मिळत असेल आणि त्यात तुमचं सामान मावत असेल तर तोच घ्या, खरंच. माझं तसं नव्हतं. माझ्याकडे वजनकाट्याच्या पावत्या, दोन डायऱ्या, केळी कापायचा विळा, टॉर्च, दोन पाण्याच्या बाटल्या, चार्जर, औषधाची पाकिटं, हे सगळं सीटच्या मधल्या फटीत नाहीतर डॅशबोर्डवर पडलेलं असायचं. रेडिमेडमध्ये एक मोबाईल आणि थोडी चिल्लर मावते.

आणि खरं कारण वेगळंच आहे. संभाजीनगरहून परत येत होतो, कन्नडचा घाट उतरताना सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली आणि ब्रेकच्या पॅडलखाली अडकली. ब्रेक दाबला तर अर्धाच दबला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि पुढे ट्रक लांब होता म्हणून हँडब्रेक हळूहळू ओढून थांबवता आली. बायको आणि पोरगी गाडीत होती. घाट उतरून चाळीसगावला चहा घेतला तेव्हाही हात थरथरत होते. त्या आठवड्यातच ठरवलं की गाडीत एकही सुटी वस्तू राहणार नाही. त्यामुळे माझ्यासाठी हा बॉक्स म्हणजे शोभेची वस्तू नाही, आणि खाली जे काही लिहिलंय ते त्याच नजरेने लिहिलंय: आधी हँडब्रेक, गिअर, पॅडल आणि बेल्ट मोकळे राहिले पाहिजेत, जागा किती मिळते ते नंतर.

सुरुवात कुठून करायची? प्लाय आणून ठेवलाय.

प्लाय राहू द्या भिंतीला टेकवून. आधी पुठ्ठा घ्या.

केळीच्या एक्स्पोर्टचे खोके असतात ना, रावेर-चोपड्याकडे कुठल्याही पॅकिंग शेडवर फाटके पडलेले मिळतात, तो पुठ्ठा मजबूत असतो. नाही मिळाला तर कूलरचा खोका चालतो. त्या पुठ्ठ्याचा अख्खा बॉक्स कापून, पॅकिंग टेपने चिकटवून, झाकणासकट गाडीत बसवा. आणि मग पाच-सहा दिवस त्याच्यासकट गाडी चालवा. हो, पुठ्ठ्यासकट, लोक बघतील तर बघू द्या. या पाच-सहा दिवसांत जे कळतं ते मेजरटेप घेऊन दिवसभर बसलात तरी कळत नाही. कोपर कुठे अडतं, चौथा गिअर टाकताना हात कुठे लागतो, बाटली काढताना नजर रस्त्यावरून हटते का, शेजारी बसलेल्याचा गुडघा कुठे घासतो. माझ्या पहिल्या पुठ्ठ्यात बाटली मागच्या बाजूला होती, ती घ्यायला खांदा वळवावा लागायचा. दुसऱ्या पुठ्ठ्यात पुढे आणली तर गिअरच्या आड आली. तिसऱ्यात जमलं. तीन पुठ्ठे फुकट, तीन प्लाय नाही.

ही पायरी सोडू नका, बाकीचं सगळं सुधारता येतं.

नेमकी कोणकोणती मापं घ्यायची?

दोन सीटच्या मधली रुंदी एकाच जागी मोजून चालत नाही. खाली फ्लोअरजवळ मोजा, सीटच्या गादीच्या उंचीला मोजा आणि पाठीजवळ मोजा, कारण गादी बाहेर फुगलेली असते आणि माणूस बसला की अजून फुगते. म्हणजे कोणाला तरी बसवून मोजा. मग सीट पूर्ण पुढे सरकवून परत मोजा, पूर्ण मागे सरकवून परत, पाठ आडवी करूनही एकदा. सगळ्यात कमी जे माप येईल ते धरायचं आणि त्यातून दोन्ही बाजूंना १५-१५ एमएम सोडायचे.

हँडब्रेक पूर्ण वर ओढून आणि पूर्ण खाली सोडून, दोन्ही वेळेला बघा. नुसता लिव्हर मोकळा असून भागत नाही, लिव्हरभोवती तुमची मूठ असते, बोटांसाठी आजूबाजूला निदान ४०-५० एमएम मोकळे पाहिजेत. गिअरचं पण तसंच, दुसरा आणि चौथा टाकताना दांडा मागे येतो, म्हणजे बॉक्सच्या दिशेने. काही गाड्यांमध्ये रिव्हर्स कुठे आहे आणि त्यासाठी रिंग उचलावी लागते का तेही बघा.

सीटबेल्टचं बक्कल! हे सगळे विसरतात. बॉक्स बसला की बक्कल बॉक्स आणि सीटच्या मध्ये चेपलं जातं, मग दोन दिवस माणूस बोटं घालून बेल्ट लावतो आणि तिसऱ्या दिवसापासून लावायचं सोडून देतो. बक्कल वर दिसलं पाहिजे आणि एका हाताने लागलं पाहिजे, त्यासाठी बॉक्स अरुंद करावा लागला तरी करा.

उंचीसाठी सोपं आहे, ड्रायव्हिंगच्या पोझिशनमध्ये बसा, खांदा ढिला सोडा, कोपर वाकवा, कोपराच्या खालच्या टोकापासून फ्लोअरपर्यंत मोजा. त्याच्यापेक्षा बॉक्स थोडा खालीच ठेवा. कोपर वर उचलून ठेवावं लागलं तर धुळे-जळगाव एवढ्यात खांदा दुखतो.

आणि एक चूक जी मी केली: मापं सगळी बरोबर घेतली, प्लाय बरोबर कापला, आणि नंतर त्याच्यावर फोम आणि रेक्झिन चढवलं. दोन्ही बाजूंनी मिळून जवळपास १० एमएम वाढले आणि हँडब्रेक रेक्झिनला घासायला लागला. सगळं सोलून, रंधा मारून परत करावं लागलं. म्हणजे ते १५-१५ सोडून १८० एमएम रुंदी उरत असेल तर प्लायचा बॉक्स १७० चाच कापा.

प्लाय घेऊ, एमडीएफ घेऊ की ती पांढरी फोम शीट?

प्लाय. एमडीएफ दिसायला गुळगुळीत असतो, पण एकदा पाणी लागलं की पावासारखा फुगतो आणि त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही, गाडीतल्या हादऱ्याने आठवड्यात ढिला. पांढरी पीव्हीसी फोम शीट हलकी आहे, पाण्याला घाबरत नाही, कापायला सोपी आहे, पण गरमीत मऊ पडते. मित्राच्या गाडीत आम्ही झाकण त्या शीटचं केलं होतं, मे महिन्यात दुपारी झाकण मध्येच खचलं आणि संध्याकाळी तसंच कडक झालं.

बॉक्सच्या भिंती १२ एमएम आणि आतले पार्टिशन ६ किंवा ९ एमएम, एवढं भरपूर. वॉटरप्रूफ पाहिजे असेल तर मरीन प्लाय, त्याच्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो, तो बघून घ्या. पण गाडीसाठी नवी शीट विकत घ्यायची गरजच नाही, सुताराकडे किचन ट्रॉलीच्या कामातून उरलेले तुकडे पडलेले असतात, त्यातच काम होतं.

किती प्लाय लागेल आणि वजन किती होईल?

समजा बॉक्स ४५० लांब, १७० रुंद, २५० उंच आहे, तर सहाही बाजू मिळून साधारण ५ स्क्वेअर फूट. वाया जाणारं धरून ८ स्क्वेअर फूट पकडा, म्हणजे ८ बाय ४ च्या शीटचा पाव भाग. वजन १२ एमएम मध्ये साडेतीन-चार किलो, सामान धरून सहा-सात.

नुसता मध्ये ठेवला तर? गच्च बसतोय, हलत नाही.

हाताने हलत नाही, धडकेत हलेल. हिशोब करून बघा: गाडी ताशी ५० किलोमीटरवर आहे आणि कशाला तरी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर त्या क्षणाला प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण २० पट जोर येतो. सहा किलोचा बॉक्स म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपासचा धक्का, आणि तो तुमच्या डाव्या गुडघ्याच्या आणि गिअरच्या दिशेने. त्यामुळे बॉक्स बांधलाच पाहिजे. आणि सगळे कोपरे कानस मारून चांगले गोल करा, १० एमएम तरी, वरून फोम. टोकदार कोपरा गाडीत कुठेच नको, पोरं मध्ये उभी राहतात.

मग फ्लोअरला ड्रिल मारून स्क्रूने बसवू का?

थांबा! हाच तो प्रश्न ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

फ्लोअरच्या पत्र्याखालून ब्रेकचे पाईप जातात, डिझेल-पेट्रोलची लाईन जाते, सीएनजी असेल तर मागच्या टाकीपासून पुढे त्याची लाईन जाते, वायरिंग जातं. काही गाड्यांत मधल्या बोगद्याखाली, म्हणजे फ्लोअरचा मधोमध उचललेला भाग असतो त्याच्याखाली, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरचा पाईप असतो. वरून ड्रिल मारताना खाली काय आहे ते दिसत नाही. आणि काही लागलं नाही तरी पत्र्याला पडलेल्या भोकाची कड उघडी राहते, पावसाळ्यात पाणी खालून उडतं आणि तिथून गंज सुरू होतो. इलेक्ट्रिक गाडी असेल तर फ्लोअरला हातसुद्धा लावू नका, खाली बॅटरी असते, आणि नारंगी रंगाची वायर दिसली तर ती हाय व्होल्टेजची असते.

करायचं असं. बहुतेक गाड्यांमध्ये मध्ये कंपनीचा छोटासा प्लास्टिकचा कन्सोल किंवा ट्रे असतो, तो कुठल्यातरी स्क्रूवर बसलेला असतो. तो ट्रे काढा, तीच भोकं वापरा. एल-पट्टी वाकवून घ्या, एक टोक त्या स्क्रूला आणि दुसरं बॉक्सच्या आतल्या बाजूला नटबोल्टने. प्लायच्या बाजूला साधा लाकडाचा स्क्रू नको, सहा एमएमचा बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला), तो हादऱ्याने सुटत नाही. शिवाय बॉक्सच्या तळाला दोन्ही बाजूंना प्लायचे पंख सोडा, ते सीटखाली जातील असे, म्हणजे बॉक्स आडवा पडत नाही. पंख सीटच्या सरकपट्टीत अडकत नाहीत ना ते बघा, आणि माती अडकणार नाही असे छोटेच ठेवा.

भोकं नसतीलच तर ओळखीच्या गॅरेजवर गाडी लिफ्टवर घ्या, खालून डोळ्याने बघून जागा ठरवा आणि तिथे रिव्हनट (पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारा आट्यांचा नट) बसवून घ्या, कापलेल्या कडेला प्राइमर लावून. अर्ध्या तासाचं काम आहे.

सीटचे बोल्ट, सीटबेल्टचा बोल्ट आणि हँडब्रेकचे बोल्ट, या तिघांना हात लावायचा नाही. "त्याच बोल्टखाली पट्टी दाबून दे" असं कोणी सांगितलं तरी नाही. ते बोल्ट माणसाला धरून ठेवायला आहेत, त्यांच्याखाली आपली पट्टी घातली की त्यांची पकड बदलते.

माझ्या गाडीत एअरबॅग आहेत, काही प्रॉब्लेम?

काळजी जास्त घ्या. पुष्कळ गाड्यांमध्ये एअरबॅगचं कंट्रोल युनिट नेमकं मध्येच, कन्सोलखाली बोगद्यावर बसवलेलं असतं. त्याला ठोकाठोकी, ड्रिल, ओढाताण काहीही नको. एअरबॅगची वायर आणि कनेक्टर सहसा पिवळ्या रंगाचे असतात, पिवळं दिसलं की हात मागे घ्यायचा. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, म्हणजे त्यानंतरची कार असेल तर हे तुम्हाला लागू आहेच. अशा गाडीत मूळ कन्सोल उघडायचं काम सर्व्हिस सेंटरमधल्या माणसासमोर करा.

ईकोत बसेल का? मध्ये भरपूर जागा दिसते.

दिसते, पण ईकोचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली आहे. म्हणजे दोन गोष्टी. एक तर खालून गरमी येते, आणि दुसरं म्हणजे इंजिनचं काम निघालं की सीट उचलावी लागते, तेव्हा बॉक्स आडवा आला तर मेकॅनिक तो उपटून फेकेल. मेहुण्याच्या गाडीत आम्ही बॉक्स पाच मिनिटांत निघेल असा केला, दोन बोल्ट पंखानटचे, हाताने फिरवले की सुटतात. आत पाणी आणि औषधं ठेवत नाही तो, फक्त कागदपत्रं आणि हत्यारं.

आमच्याकडच्या उन्हात हे टिकतं का हो? भुसावळला राहतो.

भुसावळ-जळगावचं ऊन मी काय सांगू तुम्हाला, मे मध्ये ४४-४५ म्हणजे रोजचं. पण हवेचं तापमान वेगळं आणि बंद गाडीतलं वेगळं. २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी उन्हात उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या होत्या, बाहेर ३८ च्या वर तापमान असताना तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंश झाली, सीट ५१ आणि डॅशबोर्ड ६९. तिथे ३८ ला एवढं, तर आपल्याकडे ४५ ला काय होत असेल ते समजून घ्या.

म्हणून गोंदाच्या भरवशावर बॉक्स उभा करायचा नाही. पांढरा फेविकॉल, तो एसएच, घरातल्या फर्निचरला उत्तम आहे पण तापला की ढिला होतो, त्यामुळे प्रत्येक जोडाला गोंद आणि स्क्रू दोन्ही पाहिजेत. रेक्झिन आणि फोमसाठी तो पिवळसर रबराचा गोंद येतो, एसआर ९९८ वगैरे. तो दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं वाळू देऊन मग दाबायचा, घाईत ओला असताना चिकटवला तर उन्हाळ्यात फुगे येतात. आणि हे काम ओट्यावर, उघड्यावर करा. गाडीत काचा लावून त्या गोंदाचा वास घेत बसू नका, डोकं धरतं आणि त्याची वाफ पेट घेते.

बॉक्सच्या खालची गरमी थांबवायला एक स्वस्त उपाय आहे, पत्र्याच्या घरात छताखाली ती चमकदार फॉइलवाली फोम शीट लावतात ना, तिचा तुकडा तळाला लावा आणि रबराचे पाय देऊन बॉक्स १० एमएम उचलून ठेवा. माझ्या बोलेरोत गिअरबॉक्सवरचा पत्रा लांबच्या प्रवासात चांगलाच तापतो, हे केल्यापासून बॉक्सच्या तळाला हात ठेवता येतो.

रंगाचं पण सांगतो, काळं रेक्झिन घेऊ नका, दुपारी कोपर भाजतं. पांढरं-क्रीम घेतलं तर केळीचा चीक लागून तपकिरी डाग पडतात आणि ते कशानेच निघत नाहीत. मी मध्यम राखाडी घेतलं आणि उन्हाळ्यात वरून सुती रुमाल टाकतो.

बाटलीसाठी कप होल्डर कुठे मिळेल?

विकत घेऊच नका. शेतात बघा, पीव्हीसी पाईपचा तुकडा पडलाच असेल. ९० एमएमचा पाईप घ्या, ते माप बाहेरून असतं, आतून ८५ च्या आसपास मिळतं आणि एक लिटरची बाटली साधारण ७५-८० एमएमची असते, एकदम आरामात बसते. १२०-१३० एमएमचा तुकडा कापा, कडा पॉलिश पेपरने घासा, झाकणाच्या पुढच्या भागात जिगसॉने गोल भोक पाडून त्यात बसवा. तळाला फोमची गोल चकती टाका म्हणजे बाटली वाजत नाही आणि थंड बाटलीचं सुटलेलं पाणीही त्यातच राहतं, आठवड्याने काढून वाळवायची.

वर पीव्हीसी शीट नको म्हटलं आणि इथे पीव्हीसी पाईप सांगतो, असं वाटेल. पाईपवर कुठलं वजन नाही आणि तो सावलीत, बॉक्सच्या आत असतो. तीन उन्हाळे झाले, माझा पाईप जसाच्या तसा आहे.

१७० च्या बॉक्समध्ये भिंती जाऊन आत १४६ एमएम राहतात, म्हणजे दोन पाईप शेजारी-शेजारी बसत नाहीत, एकामागे एक ठेवावे लागतात. लांबी ठरवताना हे धरा.

आतून रंग लावायची गरज आहे का?

आहे. तळ, आणि प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडा, आणि स्क्रूची भोकं. पाणी प्लायमध्ये कडेतूनच शिरतं. ऑइल पेंटचे दोन हात द्या. आत तळाला मी जळगावच्या प्लास्टिकच्या चटईचा तुकडा कापून टाकलाय, धूळ त्याच्या विणीत बसते, काढायचा आणि नळाखाली धरायचा.

मोबाईल चार्जिंगचं सॉकेट बसवायचंय, डायरेक्ट बॅटरीवरून घेऊ?

डायरेक्ट घेतलं तर गाडी बंद असतानाही चालू राहतं, आणि फ्यूज नसेल तर वायर कुठे घासून शॉर्ट झाली की आगच. फ्यूज टॅप मिळतो, तो फ्यूजबॉक्समध्ये अशा फ्यूजच्या जागी लावा जो चावी फिरवल्यावरच चालू होतो. त्यातच तुमच्या सॉकेटसाठी वेगळा फ्यूज बसतो. ३० वॅटचा चार्जर १२ व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास घेतो, दोन चार्जर धरले तरी १० अँपिअरचा फ्यूज पुष्कळ झाला, वायर दीड स्क्वेअर एमएमची. वायर कार्पेटखालून न्या पण सीटच्या सरकपट्टीपासून लांब, आणि जिथे प्लायमधून किंवा पत्र्यातून आत जाते तिथे रबराचा ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घाला. निगेटिव्ह बॉडीच्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टला. हे वाचून नीट कळलं नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, लाज कसली, मी पण पहिल्या वेळेला गेलो होतो आणि बघून शिकलो.

झाकण खड्ड्यात उघडतं. मॅग्नेट लावलाय.

मॅग्नेट कपाटाला. आपल्या रस्त्यांना पेटीची ओढकडी लावा, स्प्रिंगवाली. आणि झाकणाला दोन छोट्या बिजागऱ्यांऐवजी पूर्ण लांबीची पियानो बिजागरी, कारण त्या झाकणावर माणूस कोपराचा सगळा भार टाकतो. बिजागरी डाव्या बाजूला, म्हणजे झाकण शेजारच्याकडे उघडेल, ड्रायव्हरच्या हाताच्या आड येणार नाही. झाकणावर फोम ४० डेन्सिटीचा घ्या, स्वस्तवाला महिन्यात बसतो.

खडखड आवाज येतो, काय करू?

सायकलची जुनी ट्यूब उभी कापा. पट्ट्या करून जिथे जिथे लाकूड पत्र्याला किंवा प्लास्टिकला लागतं तिथे लावा, झाकणाच्या कडेला पण. तरी आवाज आला तर तो बॉक्सचा नाही, आतल्या पान्यांचा आहे.

आरटीओ, इन्शुरन्स, वॉरंटी?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं म्हणतं की आरसीवर गाडीचं जे वर्णन आहे ते बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. सुटा होणारा, बोल्टवर बसवलेला बॉक्स तसलं काही बदलत नाही. पण बॉक्ससाठी जागा पाहिजे म्हणून एक सीट काढून टाकली तर सीटिंग कॅपॅसिटी बदलली, ते करू नका. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग कापू नका, नंतर कुठलाही इलेक्ट्रिकचा दोष निघाला की त्या कापलेल्या वायरकडेच बोट दाखवतात. गाडी विकताना बॉक्स काढून मूळ ट्रे परत बसवता आला पाहिजे, म्हणून तो ट्रे आणि त्याचे स्क्रू पिशवीत घालून जपून ठेवा.

खर्च किती आला? सुताराकडून करून घेतलं तर चालेल का?

मला प्लाय जवळपास फुकट पडला, पैसे गेले ते रेक्झिन-फोम, बिजागरी-कडी, नटबोल्ट आणि सॉकेटवर, सगळं मिळून अडीच हजाराच्या आत. सुताराकडून जरूर करून घ्या, पण त्याला गाडीचं माप घ्यायला लावू नका, तुमचा वापरून बघितलेला पुठ्ठा त्याच्या हातात द्या आणि सांगा की असाच्या असा. रेक्झिन सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतलेलं बरं, त्याच्याकडे जाड सुईची मशीन असते, कोपऱ्यावर चुण्या पडत नाहीत.

बॉक्समध्ये काय ठेवायचं नाही?

पॉवर बँक, लायटर, सेंटचे डबे, सॅनिटायझर. सेंटच्या डब्यावर लिहिलेलं असतं ५० अंशांच्या वर ठेवू नका म्हणून, आणि वर सांगितलं ते तापमान आठवा. औषधंसुद्धा गाडी उन्हात लावली की बरोबर घेऊन उतरायची, इन्सुलिन तर अजिबातच ठेवायचं नाही. माझे वडील डायबेटिसचे होते, त्यांचं इन्सुलिन एकदा दुपारभर गाडीत राहिलं आणि सगळं टाकून द्यावं लागलं.

मागच्या सीटवाल्यांना काही मिळतं की नाही?

बॉक्सच्या मागच्या भिंतीला जाळीचा खिसा शिवून घ्या. वणीला जाताना पोरीचं सगळं सामान त्यातच असतं. मागे एसीचे व्हेंट असतील तर ते झाकू नका.

भाऊ, आजच पुठ्ठा कापून बसवला. सगळं बसतंय, पण हँडब्रेक ओढला की पुठ्ठा दुमडतो. आता?

म्हणजे पुठ्ठ्याने काम केलं. दोन रस्ते आहेत. बॉक्सची पुढची भिंत हँडब्रेकच्या मागे घ्या, लांबी कमी होईल पण बनवायला सोपं. नाहीतर हँडब्रेकच्या बाजूने बॉक्सला यू आकाराचा खाचा द्या, लिव्हर वर-खाली दोन्हीकडे मूठ फिरेल एवढा. मी खाचा दिला, कारण मला दोन बाटल्या पाहिजे होत्या, पण त्या खाच्याला आतून तिरकी भिंत द्यावी लागते नाहीतर आतलं सामान लिव्हरखाली पडतं आणि हँडब्रेक पूर्ण खाली बसत नाही, अर्धवट लागलेला राहतो आणि मागची चाकं तापतात. खाचा पुठ्ठ्यात पाडा, चार दिवस चालवा, उतारावर हँडब्रेक लावून बघा, मूठ कुठेच घासली नाही तरच जिगसॉ बाहेर काढा.